टेंपीतल्या बॅरेटमध्ये पहिलं वर्ष : नव्या ऑनर्स विद्यार्थ्यांसाठी

ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचं (तिकडे सगळे एएसयूच म्हणतात) प्रवेशपत्र आलं आणि पाठोपाठ बॅरेट ऑनर्स कॉलेजचंही आलं, की मराठी घरात दोन प्रश्न हमखास निघतात. हे कॉलेज वेगळं आहे का? आणि जादा फी भरून, जादा काम करून मुलाला मिळणार काय?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. बॅरेट एएसयूच्या आतच आहे. पदवी तुमच्या मूळ विभागाची मिळते, कॉम्प्युटर सायन्स असो नाहीतर बायोकेमिस्ट्री. त्याच पदवीच्या अभ्यासात काही क्रेडिट (प्रत्येक विषयाला ठरलेलं अभ्यासाचं माप) ऑनर्सचे करायचे, शेवटी थीसिस म्हणजे प्रबंध लिहायचा, की पदवीवर बॅरेटची मोहर लागते. हे कॉलेज १९८८ मध्ये सुरू झालं. २००० मध्ये इंटेलचे तेव्हाचे प्रमुख क्रेग बॅरेट आणि त्यांच्या पत्नी बार्बरा यांनी १ कोटी डॉलरची देणगी दिली, तेव्हापासून हे नाव आहे. टेंपी, डाउनटाउन फिनिक्स, पॉलिटेक्निक आणि वेस्ट व्हॅली या चारही आवारांत बॅरेट आहे. हा लेख मुख्यतः टेंपी या मुख्य आवाराबद्दल.

दुसरं उत्तर लांब आहे. पदवीवरची ती मोहर हा मला त्यातला सगळ्यात किरकोळ भाग वाटतो. बॅरेटचे पैसे वसूल होतात ते माणसांत: वीसेक जणांचा वर्ग, नावानं ओळखणारा प्राध्यापक, रात्री अकराला लाउंजमध्ये वाद घालत बसलेली मुलं. पण ते आपोआप घडत नाही. बॅरेटमध्येही काही हजार विद्यार्थी आहेत. बारावी, सीईटी, जेईई अशा रांगांतून आलेला मुलगा याला ‘अ तुकडी’ समजतो, खाली मान घालून ग्रेड मिळवतो आणि मे महिना आला तरी त्याला शेजारच्या खोलीतल्याचं नाव धड माहीत नसतं. पुढचे टप्पे ते टाळण्यासाठी आहेत.

१. निघण्याआधी

पहिल्या वर्षी बॅरेटच्या वसतिगृहातच राहायचं असतं, असं धरून चाला. वसतिगृहाचा अर्ज उघडला की लगेच भरा. त्यात झोपण्याच्या वेळा, स्वच्छता, पाहुणे यांबद्दल प्रश्न असतात. तिथं आईला वाचायला आवडतील अशी उत्तरं देऊ नका. रात्री दोनपर्यंत जागत असाल तर तसंच लिहा, कारण या उत्तरांवरून रूममेट जुळवायला मदत होते.

बॅगेत कुकर, हॉटप्लेट, अगरबत्ती, मेणबत्त्या, पणत्या यांतलं काही टाकू नका. खोलीत उघडी ज्योत आणि उघडी शेगडी दोन्हींना मनाई असते. नियम कडक आहे आणि धूर ओळखणारं यंत्र त्याहून कडक. दिवाळीसाठी बॅटरीवरच्या पणत्या तिथंच मिळतात. जाड स्वेटरही नकोत. सत्र ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतं आणि फिनिक्स परिसरात तेव्हा पारा ४० अंशांच्या वर सहज असतो. २०२३ च्या जूनअखेरीपासून जुलैअखेरपर्यंत तर इथं सलग ३१ दिवस ४३ अंशांच्या वर गेले होते. नागपूर-चंद्रपूरकडच्यांना आकडा ओळखीचा वाटेल, पण इथली हवा कोरडी आहे. घाम अंगावर दिसतच नाही, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळत नाही. मोठी पाण्याची बाटली, टोपी, आणि आत एसीत गारठायला होतं म्हणून एक हलकं जाकीट, एवढं पुरे.

पुस्तकं आधी विकत घेऊ नका. पहिल्या वर्षाच्या मुख्य ऑनर्स विषयाची यादी प्रत्येक प्राध्यापकाची वेगळी असते. त्याऐवजी एक सवय लावून घ्या: कुठल्याही जड मजकुराची दहा पानं पेन्सिल हातात धरून वाचायची आणि प्रत्येक पानावर कुठंतरी ‘का?’ असं लिहायचं. हे पुढे उपयोगी पडेल.

२. पहिले तीन आठवडे

सुरुवातीला वसतिगृहात सगळ्यांची दारं उघडी असतात, शब्दशः. दाराला काहीतरी अडकवून मुलं आत बसलेली असतात, म्हणजे जाणारा-येणारा डोकावेल. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ही दारं बंद व्हायला लागतात, गट ठरतात, जेवणाची टेबलं ठरतात. म्हणून या दिवसांत थोडा निर्लज्जपणा करायचा. डोकावायचं, नाव सांगायचं, त्याचं नाव विचारायचं, उच्चार चुकला तर पुन्हा विचारायचं. आपल्याला हे आगाऊपणाचं वाटतं. तिथं ती रीत आहे. तुमचं नाव ज्ञानेश्वरी असेल तर ते लोकांना शिकवा. पहिल्याच दिवशी ‘कॉल मी जीनी’ म्हटलंत तर चार वर्षं जीनीच राहाल.

याच सुमारास आवाराशेजारच्या टेकडीवरचं मोठं ‘ए’ हे अक्षर नवे विद्यार्थी पांढऱ्या रंगानं रंगवतात. तिथं जा. अंगभर रंग लागतो, त्या निमित्तानं अनोळखी माणसांशी बोलणं होतं.

क्लबांचा बाजार भरतो तेव्हा मोहापायी वीस ठिकाणी ई-मेल पत्ता लिहून येऊ नका. माझा हिशेब असा: एक क्लब अभ्यासाच्या जवळचा, एक अजिबात संबंध नसलेला, आणि एक बॅरेटच्या आतला. बॅरेटची स्वतःची विद्यार्थी परिषद आहे, बॅरेट ऑनर्स कॉलेज कौन्सिल. तिच्या बैठकांना नवख्यांनी गेलं तर कुणी हाकलत नाही, आणि कॉलेज कसं चालतं, पैसे कशावर खर्च होतात, हे तिथं ऐकायला मिळतं. भारतीय विद्यार्थ्यांच्या मंडळात जाच, पण तिथं पोचायला कुणाला ढकलावं लागत नाही, म्हणून ते या हिशेबात धरलेलं नाही.

कागदपत्रांचं एकच सांगतो. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर इंटरनॅशनल स्टुडंट्स अँड स्कॉलर्स सेंटरमध्ये नोंद आधी करा, बाकी सगळं नंतर. प्रत्येक नियमित सत्रात किमान १२ क्रेडिट असावे लागतात. कुठलाही विषय सोडण्याआधी बॅरेटच्या ॲडव्हायझरला, म्हणजे अभ्यासाबद्दल सल्ला देणाऱ्याला, विचारा आणि या सेंटरलाही विचारा. दोघांचे नियम वेगळे आहेत आणि एकाचं ‘चालेल’ दुसऱ्याला चालेलच असं नाही.

३. ह्यूमन इव्हेंट

बॅरेटचा गाभा म्हणजे हा विषय. दोन सत्रं, तीन-तीन क्रेडिट, आणि इंजिनीअर असा की नर्तक, पहिल्या वर्षी सगळ्यांना सक्तीचा. मानवानं लिहायला सुरुवात केल्यापासून आजपर्यंतचे मूळ ग्रंथ वाचायचे आणि त्यांवर बोलायचं. एका वर्गात वीसेक जण, टेबलाभोवती गोल किंवा चौकोनी बसलेले. प्राध्यापक सहसा व्याख्यान देत नाहीत. ते एक प्रश्न टाकतात आणि गप्प बसतात. ती शांतता आपल्या मुलांना भयंकर वाटते. आपल्या वर्गात सर गप्प झाले म्हणजे कुणीतरी बोलणी खाणार असतं. इथं ते खरोखर वाट बघत असतात.

बोलण्याला गुण आहेत, आणि थोडेथोडके नाहीत. तेव्हा ‘मला सगळं येतंय, पेपरात दाखवीन’ हा हिशेब इथं बसत नाही. तोंड उघडायला काही युक्त्या:

पहिल्या पंधरा मिनिटांत एकदा बोला, कितीही साधं असो. उशीर झाला की डोक्यातलं वाक्य जड होत जातं आणि दुसराच कुणी ते बोलून टाकतो. पुस्तकात आधीच तीन जागा खुणा करून ठेवा आणि बोलताना पान सांगा: अमुक पानावर हा माणूस असं म्हणतो, पण दोन पानांपूर्वी उलट म्हणाला होता, मला हे जुळत नाही. एवढं पुरतं. पांडित्य लागत नाही. प्रश्न विचारणं हेही बोलणंच धरलं जातं, आणि पुष्कळदा उत्तरापेक्षा जास्त धरलं जातं. दुसऱ्याच्या मुद्द्यावर बोलताना त्याचं नाव घ्या. ‘मारियानं मघाशी म्हटलं त्यात मला एक भर घालायची आहे’ अशा एका वाक्यानं मारियाशी ओळख होते आणि वर्गाचं बोलणंही पुढे सरकतं.

मराठी माध्यमातून आला असाल तर इंग्रजीची धास्ती वाटेल. उच्चारावरून कुणी गुण कापत नाही. वेगानं बोलण्याची घाई मात्र सोडा. आपण घाबरलो की भरभर बोलतो, आणि समोरच्याला समजत नाही ते व्याकरणामुळे नव्हे, वेगामुळे. याउलट इंग्रजी फाडफाड असणाऱ्यांना वेगळाच धोका आहे. वक्तृत्व स्पर्धेची सवय असलेली मुलं चार मिनिटं अखंड बोलतात आणि टेबलावरचे बाकीचे खिडकीबाहेर बघायला लागतात. इथं करंडक नाही. बोलून झालं की थांबा, आणि जो अजून बोललेला नाही त्याच्याकडे बघा.

एक प्रसंग येणारच. भारतातला एखादा ग्रंथ चर्चेला येतो आणि सगळ्या माना तुमच्याकडे वळतात. दीडशे कोटींचा प्रवक्ता व्हायची गरज नाही. ‘आमच्या घरी हे असं ऐकलंय, पण या पानावर वेगळं दिसतंय’ असं म्हणायला हरकत नाही. खरं तर अशा वेळी तुम्हीच तो मजकूर परका समजून वाचावा. लहानपणापासून कानावर पडलेलं असतं त्यामुळे वाचल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात वाचलेलं नसतं.

निबंधांचं वळणही बदलावं लागतं. ‘प्राचीन काळापासून मानव…’ अशी सुरुवात, मध्ये सुभाषित, शेवटी आशावाद, हा साचा आपल्या हातात बसलेला आहे. तिथं पहिल्या परिच्छेदातच तुमचं म्हणणं काय ते हवं, असं म्हणणं की ज्याच्याशी शहाणा माणूस असहमत होऊ शकेल. मग मजकुरातून पुरावे. बॅरेटचं स्वतःचं लेखन केंद्र आहे, तिथं मसुदा घेऊन जा. तिथं फक्त कच्चे विद्यार्थी जातात ही समजूत काढून टाका. चांगलं लिहिणारेच तिथं जास्त दिसतात.

आणि उचलेगिरी. मित्राच्या नोट्स, इंटरनेटवरचा परिच्छेद, संदर्भ न देता घेतलेलं वाक्य, या गोष्टींकडे आपल्याकडे जरा काणाडोळा होतो. एएसयूत यासाठी एक खास ग्रेड आहे, ‘एक्सई’: नापास, आणि कारण शैक्षणिक अप्रामाणिकपणा. ते गुणपत्रकावर तसंच दिसतं. एआय वापरायचं की नाही, किती वापरायचं, हे प्रत्येक प्राध्यापक सिलॅबसमध्ये लिहितो. लिहिलेलं नसेल तर विचारा. दुसऱ्या वर्गातल्या मित्राला चालतं ते तुमच्या वर्गात चालेलच असं नाही.

४. जेवणाचं टेबल

टेंपीतलं बॅरेटचं संकुल २००९ मध्ये उघडलं. वसतिगृहं, वर्ग, कार्यालयं, भोजनगृह सगळं एकाच कुंपणात. म्हणजे तुमचा ह्यूमन इव्हेंटचा प्राध्यापक दुपारी त्याच भोजनगृहात ताट घेऊन उभा दिसू शकतो. दिसला तर ‘बसू का?’ विचारा. ते नाही म्हणत नाहीत, आणि म्हटलं तर घाईत असतात म्हणून. हाक मारताना ‘सर’, ‘मॅडम’ ऐवजी ‘प्रोफेसर’ आणि पुढे आडनाव. स्वतःहून म्हणाले की पहिल्या नावानं हाक मारा, तर मारा. जीभ वळायला महिनाभर लागतो.

शाकाहारी असाल तर खायला मिळतं, चवीचा कंटाळा येतो. लोणच्याची बरणी खोलीत ठेवा आणि ताटासोबत खाली घेऊन जा. अनोळखी टेबलावर बोलणं सुरू करायला यापेक्षा सोपं साधन मला माहीत नाही. जेवण खोलीत नेऊन, कानात हेडफोन घालून, घरच्यांशी व्हिडिओ कॉलवर बोलत खाण्याचा मोह मात्र फार होतो. आठवड्यातून एखाद वेळ ठीक. रोज झालं तर रोजची ओळख व्हायची एकमेव जागा हातची जाते.

मजल्यावर एक मोठा विद्यार्थी असतो, त्याला कम्युनिटी असिस्टंट, थोडक्यात सीए म्हणतात. तो आपल्याकडच्या रेक्टरसारखा नाही. रूममेटशी खटकलं तर त्याच्याकडे जायचं. सत्राच्या सुरुवातीला रूममेटबरोबर एक लेखी करार भरून घेतात: दिवे कधी बंद, पाहुणे किती, फ्रिजमधलं कुणी काय खायचं. आपली मुलं ‘चालेल, चालेल’ म्हणत सही करतात आणि ऑक्टोबरपासून आईला फोनवर रडगाणं सांगतात. करारावरच बोला. ‘मला कपाटातल्या देवासमोर सकाळी दोन मिनिटं उभं राहायचं असतं’ हेही तिथंच सांगून टाका.

गणपती सत्राच्या सुरुवातीच्या आठवड्यांत येतात. शेजारच्या चँडलरमध्ये इंटेलचे मोठे कारखाने आहेत आणि त्या परिसरात मराठी घरं आहेत. त्याच्या दक्षिणेला मॅरिकोपा गावात महागणपतीचं देऊळ आहे. गाडी नसेल तर तिथं जाणं अवघड, म्हणून गाडीवाल्या सीनियरला आधी गाठा. आणि जाताना बॅरेटमधला एखादा अमराठी मित्र बरोबर न्या. त्याला आरती येत नाही, टाळ्या येतात, तेवढं पुरतं.

५. ऑफिस अवर्स आणि कॉन्ट्रॅक्ट

पहिल्या वर्षी प्रवेश घेणाऱ्याला एकूण ३६ ऑनर्स क्रेडिट करावे लागतात. ह्यूमन इव्हेंटचे सहा झाले. बाकीचे काही खास ऑनर्स वर्गांतून, आणि पुष्कळसे ‘ऑनर्स एन्रिचमेंट कॉन्ट्रॅक्ट’मधून. नाव भारदस्त आहे, प्रकार साधा. तुम्ही एरवीही घेणारच होता त्या विषयाच्या प्राध्यापकाकडे जायचं आणि म्हणायचं, मला या विषयात थोडं जास्त खोलात जायचंय. दोघांनी मिळून एक छोटं काम ठरवायचं, तो अर्ज ऑनलाइन भरायचा, सत्रअखेरीस काम दाखवायचं.

अर्जाची मुदत सत्राच्या सुरुवातीलाच संपते. म्हणून दुसऱ्याच आठवड्यात ऑफिस अवर्सना, म्हणजे प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना भेटायला राखून ठेवलेल्या वेळात, जा. रिकाम्या हातानं ‘कॉन्ट्रॅक्ट द्या’ म्हणालात तर प्राध्यापक एखादा वीस पानी रिपोर्ट लिहायला सांगतील, कारण त्यांनाही विचार करायला वेळ नसतो. दोन कल्पना घेऊन जा. आवाराजवळच्या लाइट रेलची प्रवासीसंख्या, वाळवंटी गावांतलं पाण्याचं गणित, आजीच्या पिढीचं स्थलांतर, काहीही. फक्त त्या विषयाशी जुळणारं. मी तर म्हणेन, कॉन्ट्रॅक्ट विषय बघून न घेता माणूस बघून घ्या. ज्याच्याशी अर्धा तास बोलावंसं वाटतं त्याच्याकडे जा. पुढे शिफारसपत्र हाच माणूस लिहितो, आणि थीसिसलाही बहुतेक हाच लागतो.

६. घरच्यांसाठी थोडं

आईबाबांनो, १९७४ च्या एका अमेरिकी कायद्यामुळे विद्यापीठ तुम्हाला मुलाचे ग्रेड परस्पर सांगत नाही, फी तुम्ही भरत असलात तरी. मुलानं लेखी परवानगी दिली तरच. ॲडव्हायझरला फोन करून काही हाती लागत नाही, मुलाची मात्र अडचण होते. त्यालाच विचारा.

ॲरिझोनात घड्याळं उन्हाळ्यात-हिवाळ्यात पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे भारताशी फरक वर्षभर साडेबारा तासांचाच राहतो. टेंपीत रविवारी रात्रीचे आठ म्हणजे पुण्यात सोमवारी सकाळचे साडेआठ. फोनचा एक वार आणि एक वेळ ठरवा, आणि शक्यतो ती तिथल्या जेवणाची नको.

७. जड गेलं तर

बॅरेटमधून पदवी घ्यायला ३.२५ जीपीए, म्हणजे सगळ्या ग्रेडची सरासरी, लागतो. शाळेत कायम पहिला आलेल्याला पहिल्या सत्रात बी मिळाला की आभाळ कोसळतं, आणि इथं तर वर्गात सगळेच शाळेत पहिले आलेले. एका बीनं काही होत नाही. ग्रेड घसरायला लागल्यावर लपून बसलात तर मात्र होतं. बॅरेटचे ॲडव्हायझर याच कामासाठी आहेत; सत्राच्या मध्यावर गेलात तर वाटा असतात, शेवटच्या आठवड्यात फार उरत नाहीत.

झोप उडाली, खाणं सुटलं, खोलीबाहेर पडावंसं वाटेना, तर एएसयूची समुपदेशन सेवा आहे. तातडीचं असेल तर ९८८ हा मानसिक संकटात मदतीचा, देशभर चालणारा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. ‘घरी कळेल’ ही भीती बाजूला ठेवा, घरी परस्पर कळवण्याची पद्धत नाही. जिवावरचं संकट असेल तर ९११.

८. थीसिस, आत्तापासून

शेवटच्या वर्षाची गोष्ट पहिल्या वर्षी कशाला, असं वाटेल. कारण असं, की थीसिसला एक मार्गदर्शक आणि समितीत आणखी किमान एक सदस्य लागतो, आणि ही माणसं ऐनवेळी मिळत नाहीत. तिसऱ्या वर्षी आराखडा म्हणजे प्रॉस्पेक्टस द्यायचा असतो. जी मुलं तेव्हा पहिल्यांदा प्राध्यापकांना ई-मेल करतात, त्यांना ‘माझ्याकडे आधीच पाच जण आहेत’ असं उत्तर येतं.

पहिल्या वर्षी करायच्या गोष्टी दोनच. विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या ऑनलाइन भांडारात बॅरेटचे जुने थीसिस ठेवलेले असतात, त्यांतले तुमच्या विभागातले चार चाळा. बघाल तर सगळेच जाडजूड संशोधन नसतं. सर्जनशील प्रकल्पही चालतो, म्हणजे एखादं ॲप, नाटक, माहितीपट. आणि वसंत म्हणजे वर्षाच्या दुसऱ्या सत्रात एखाद्या सीनियरच्या डिफेन्सला, म्हणजे समितीपुढे थीसिस मांडून प्रश्नांना उत्तरं देण्याच्या कार्यक्रमाला, जाऊन बसा. ते सार्वजनिक असतात. पुढे तासाभराच्या प्रश्नोत्तरांत कोणता प्राध्यापक विद्यार्थ्याला नुसता अडवतो आणि कोणता अडवून वाटही दाखवतो, हे डोळ्यांनी दिसतं. दुसऱ्या प्रकारच्याचं नाव लिहून ठेवा आणि पुढच्या सत्रात त्याचा एखादा विषय घ्या.